किल्लीसोबत एक लिंबू

मुनगपालेम,
बुधवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप दीवेनम्मा अक्कास,

धाकट्या सुवार्तीचा प्रभूच्या नावाने सलाम. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत (सगळे म्हणजे मी आणि म्हैस). तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? भावजींची साखर उतरली का, की अजून दवाखान्यातून परतताना मिठाईच्या दुकानात जरा टेकायला जातात? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण तुमच्याकडे फोन वाजला की भावजी तो मोठ्या आवाजावर टाकून ओट्यावर ठेवतात, आणि मग माझं बोलणं भीमावरमची अर्धी गल्ली ऐकते. काही गोष्टी गल्लीने ऐकण्यासारख्या नसतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

तर, आमच्या मंडळीला नवीन पाळक मिळाले. मिळाल्या म्हणायला हवं, कारण बाई आहेत. रेव्हरंड प्रमीला. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र देवळाच्या घंटेला लाजवेल असा. स्वागताचा सोहळा इतका थाटात झाला, की त्यानंतर तीन आठवडे मला अन्न गोड लागलेलं नाही. का ते सांगते, पण त्यासाठी तुला आमच्या स्त्री समाजाचे नियम माहीत हवेत. (माहीत आहेत असं म्हणू नकोस. मागच्या वेळी सांगत होते तेव्हा तू घोरत होतीस.)

एकोणीस वर्षं मी या समाजाची सचिव आहे. एकोणीस वर्षांत पाच पाळक झाले, पाच अम्मगारू झाल्या, आणि अम्मगारू म्हणजे पाळकांची बायको हीच आमची अध्यक्ष, असा पहिल्यापासूनचा रिवाज. तिने काही करायचं नसतं. गादीच्या खुर्चीत बसायचं, मानाचं लिंबू स्वीकारायचं, आणि मी कार्यवृत्ताची वही उघडली की "वाचलं असं समजू या" म्हणायचं. मग वर्षातून एकदा स्त्रियांच्या रविवारच्या उपासनेची पत्रिका छापली जाते, तिच्यावर अध्यक्षांचं नाव ठसठशीत अक्षरांत येतं, आणि खाली बारीक अक्षरांत 'व इतर सभासद'. अक्का, मी एकोणीस वर्षं 'व इतर' आहे. आमचे हे, येसुरत्नम, गेले त्या वर्षीही पत्रिका माझ्याच हातून छापखान्यात गेली, दहाव्या दिवशी. तेव्हाही मी 'व इतर' होते. मला राग नाही, मी फक्त नोंद करते आहे.

आता तो नियम. अकरा वर्षांपूर्वी एक अम्मगारू आल्या होत्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. त्या माझी वही घरी घेऊन गेल्या आणि लाल शाईने तपासून परत आणली. दहापैकी साडेचार. पुढच्याच महिन्यात मी एक ठराव मांडला, की अध्यक्षपद बायकोला नको, 'बंगल्याच्या स्वयंपाकघराची किल्ली ज्याच्या हाती, समाजाचं अध्यक्षपद त्याच्या हाती' असं असावं. सेवेचा मान सेवा करणाऱ्याला. ऐकायला किती छान वाटतं बघ. खरी गोष्ट अशी, की तेव्हा पाळकांच्या बंगल्यात रांधत होती सासू, आणि सासूला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. असा अध्यक्ष सचिवाला नशिबानेच मिळतो. एकमताने पास झालं, माझ्याच अक्षरात वहीत चढलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, पण ते मला कळायला अकरा वर्षं लागली.

एप्रिलमध्ये बदलीचं पत्र आलं, की नवीन पाळक बाई आहेत. मंडळीच्या पंचमंडळात जो गोंधळ उडाला तो विचारू नकोस. आपले देवसहायम (तेच, ज्यांनी तुझ्या लग्नात वांग्याच्या भाजीला नावं ठेवली होती आणि चार वेळा वाढून घेतली होती) उठून म्हणाले, बाईमाणसाने प्रभुभोजन कसं द्यायचं? आणि मयताला स्मशानात कोण जाणार, ही? मला तिथे कार्यवृत्त लिहायला बसवलं होतं, बोलायला नव्हे. पण मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, देवसहायमगारू, पुनरुत्थानाच्या सकाळी थडग्यापाशी कोण गेलं होतं? बायका. आणि शिष्यमंडळी कुठे होती? आतून कडी लावून बसली होती. कुणीतरी मागून आमेन म्हणालं. त्या दिवसापासून गावात माझं नाव झालं, की सुवार्तम्मा म्हणजे बायकांच्या बाजूने उभी राहणारी बाई.

तुझ्यापासून काय लपवायचं. मी बायकांच्या बाजूने नव्हते, मी सुवार्तम्माच्या बाजूने होते. मी आधीच गुंटूरहून चौकशी करून ठेवली होती. पाळकबाईंना स्वयंपाकातलं ओ की ठो येत नाही, चहा केला तरी भांडं जळतं. आणि नवरा, जकरय्या, मुलींच्या वसतिगृहात सोळा वर्षं आचारी आहे, तो नोकरी सोडून थोडाच येणार, शनिवार-रविवार येईल. म्हणजे बघ, अम्मगारू नाही, बंगल्यात रांधणारं कुणी नाही. मग किल्ली कुणाकडे राहणार? रिकाम्या बंगल्याची किल्ली सचिवाच्या कपाटात असते. आणि ज्याच्या हाती किल्ली त्याच्या हाती अध्यक्षपद. मी माझ्याच नियमाने, कुणाला एक वाकडा शब्द न बोलता अध्यक्ष होणार होते. मंगळगिरीची साडी घेतली, निळी, बारीक जरीकाठाची. गादीच्या खुर्चीची खोळ स्वतः धुतली. त्या निळ्याला ती खोळ शोभेल का म्हणून एकदा देवळात कुणी नसताना बसूनही पाहिलं. शोभत होती.

स्वागताच्या दिवशी बसथांब्यापासून देवळापर्यंत वाजंत्री, पताका, शाळेची मुलं दोन्ही बाजूंना उभी. देवसहायम सगळ्यांत पुढे, हातात हार (त्यांचा विरोध तत्त्वाचा होता, हार घालायला त्यांची हरकत नव्हती). बस आली, कुणीच उतरलं नाही. वाजंत्री वाजतच राहिली, कारण त्यांना तासावर ठरवलं होतं. एवढ्यात मागून एक स्कूटर आली. चालवणाऱ्या पाळकबाई, आणि मागे एक दांडगा, मिशाळ माणूस, मांडीवर मोठा कुकर धरून, जसं काही लेकरूच घेऊन बसला आहे. हार बाईंना घालायचा तर त्यांनी शिरस्त्राण घातलेलं, ते काढायचं कुणाला सुचेना, मग देवसहायमनी हार शिरस्त्राणावरूनच घातला. फोटो आहे. पाठवीन, कपाटाला आतून चिकटव.

मी त्या मिशीकडे बघत होते. म्हटलं, शनिवारच आहे, सोडायला आला असेल, जाईल सोमवारी. मग कुकरच्या मागून एक झारा दिसला, एक पाटा दिसला, आणि स्कूटरच्या पायदानावर बांधलेला वरवंटा. माणूस दोन दिवसांसाठी वरवंटा घेऊन येत नाही, अक्का.

बंगल्याच्या दारात रिवाजाप्रमाणे मी पितळेची ताटली घेऊन उभी. ताटलीत लिंबू आणि किल्ली. आत चुलीवर दूध ठेवलेलं, उतू गेलं की घर लाभतं म्हणतात. माझं सगळं ठरलेलं होतं. मी ताटली पुढे करणार, बाई म्हणणार मला स्वयंपाक येत नाही, मी म्हणणार काही हरकत नाही, सध्या माझ्याकडे राहू दे. आणि खरंच, पाळकबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "मला स्वयंपाक येत नाही हो." माझे हात ताटलीसकट मागे वळलेसुद्धा. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ते याचं काम. याने माझ्यासाठी नोकरी सोडली." आणि त्या जकरय्याने चपला काढल्या, हात धोतराला पुसले, आणि ताटली माझ्या हातातून दोन्ही हातांनी अशी घेतली की जणू प्रभुभोजनाचं तबक. मग आत जाऊन उतू जाणारं दूध नुसत्या बोटांनी उतरवलं. बायकांमध्ये जो उसासा उमटला, तो मी कार्यवृत्तात लिहिलेला नाही.

एवढ्यावर निभावलं असतं. किल्ली घेतली तर घेतली, कुणाला काय आठवतंय. पण आमची एलिशम्मा आजी. वय चौऱ्याऐंशी. चष्मा हरवते, कवळी हरवते, स्वतःच्या नातवाला देवसहायम म्हणून हाक मारते, पण ठराव विसरत नाही. ती काठी टेकत पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बंगल्याच्या स्वयंपाकघराची किल्ली ज्याच्या हाती, समाजाचं अध्यक्षपद त्याच्या हाती. मांडणार सुवार्तम्मा, अनुमोदन मी." मग माझ्याकडे वळून, "बरोबर ना गं?" पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. मी बरोबर म्हटलं. दुसरं काय म्हणणार? टाळ्या झाल्या. जकरय्या बिचारा हातात दुधाचं पातेलं घेऊन उभा, त्याला कळेचना आपण कशाचे अध्यक्ष झालो. मुनगपालेमच्या लूथरन स्त्री समाजाच्या अध्यक्षस्थानी एक मिशी आली, आणि तीही माझ्या कृपेने.

त्या गडबडीत पाळकबाईंनी माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही माझ्या बाजूने भांडलात असं मी ऐकलं. नाहीतर मला इथे येऊ दिलं नसतं." मी म्हटलं, त्यात काय एवढं. अक्का, खोटं सांगत नाही, मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. मग मी घरी जाऊन निळी साडी घडी करून ठेवली आणि म्हशीवर ओरडले.

पहिली बैठक गुरुवारी. मी ठरवूनच गेले होते की हा माणूस कशात तरी चुकेल. गादीची खुर्ची मांडलेली. तो म्हणाला, यात माझे गुडघे मावत नाहीत, आणि सरळ चटईवर बसला. समोर अंबाडीच्या पाल्याचा ढीग. म्हणाला, बसल्या बसल्या निवडू या, हात रिकामे असले की तोंडं भांडतात. प्रार्थना दीड मिनिटाची (देवसहायमची बारा मिनिटांची असते, आणि त्यात तीन जणांची उणीदुणी येतात). मग मी वही उघडली आणि वाट बघत बसले, की आता म्हणेल वाचलं असं समजू या. तो म्हणाला, "वाचा की, वहिनी."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी वाचा म्हटलं. मग वाचलं. नाताळात अर्पण म्हणून आलेल्या बकरीने वेदीवरचं कापड खाल्लं तो भाग आला, तेव्हा तो मिशीतल्या मिशीत हसू लागला, आणि वाचून झाल्यावर विचारलं, "पुढे बकरीचं काय झालं?" बायका हसून हसून लोळल्या. माझ्या शेजारच्या मंगम्माने पाला सोडून पदराने डोळे पुसले. मला इतका राग आला म्हणून सांगू. राग धरायला काही सापडतच नव्हतं, हाच राग. आणि ती खुर्ची मधोमध रिकामी. त्याने बसायचं नाही, आणि मला कुणी बस म्हणायचं नाही.

तेव्हापासून गावात जकरय्याचा जप चालला आहे. बैठकीला पूर्वी सोळा-सतरा जणी यायच्या, आता एक्केचाळीस. बायका लोणचं शिकतात, बायकांचे नवरे बाहेर पडवीत बसून 'सहज आलो होतो' म्हणतात. आणि ज्यांना बाईच्या हातचं प्रभुभोजन चालणार नव्हतं, ते देवसहायम रोज दुपारी बंगल्याच्या मागच्या दाराशी वाटी घेऊन माशाच्या कालवणासाठी उभे असतात. तत्त्वाचा माणूस. पाळकबाई मयताला गेल्या, भर उन्हात, चालत.

पण स्त्रियांचा रविवार पुढच्या महिन्यात आहे, आणि पत्रिकेवर ठसठशीत अक्षरांत छापून येणार: स्त्री समाज, अध्यक्ष, जकरय्या. जिल्हाभर लोक हसतील. आणि खाली, 'व इतर'. हे माझ्याने बघवणार नाही. म्हणून, आणि केवळ मंडळीच्या हितासाठी, मी सोमवारी भावजींच्या नावे एक पाकीट पाठवलं आहे. पाळकांच्या बदल्या ज्या कार्यालयात होतात तिथे त्यांनी तीस वर्षं काढली, अजून तिथल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना उठून नमस्कार करतात. पाकिटात एक अर्ज आहे. आमच्या पाळकबाईंना इथली हवा मानवत नाही, त्यांच्या प्रकृतीच्या काळजीने आम्हा एक्केचाळीस स्त्रियांना झोप लागत नाही, तरी त्यांना लवकरात लवकर दुसरीकडे हलवावं, अशी प्रेमळ विनंती. (त्या काल विहिरीवरून दोन घागरी घेऊन चढ चढून आल्या आणि वर गाणं म्हणत होत्या, पण प्रकृतीचं आतलं कुणाला कळतं?) खाली एक्केचाळीस सह्या. भावजींनी तो अर्ज साहेबांच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवावा, एवढंच माझं मागणं. तू पाठीस लाग. ते मिठाईच्या नादात विसरतात.

मुलांना आशीर्वाद. तेल लाव.

तुझी,
सुवार्ती
(सचिव)

ता. क. पत्रासोबत अंबाडीच्या लोणच्याची बरणी पाठवते आहे. जकरय्याच्या हातची. मी चव घेतलेली नाही (दोनदाच घेतली). आईच्या लोणच्याच्या जवळ जातं असं मला वाटलं, पण तुझी जीभ माझ्यापेक्षा खात्रीची, खाऊन कळव. बरणी परत कर, ती समाजाची आहे आणि वहीत तशी नोंद आहे.

ता. क. दुसरं, शुक्रवार सकाळ. पत्र टाकायला निघाले होते, एवढ्यात अंगणात तो. जकरय्या. हातात तीच पितळेची ताटली, तीत लिंबू आणि किल्ली. म्हणाला, "वहिनी, मला अध्यक्षपदातलं काही कळत नाही. तुमच्या सगळ्या वह्या मी देवळातल्या कपाटातून नेऊन वाचल्या. या समाजात जे काही झालं ते तुम्ही केलंय. किल्ली तुम्हीच ठेवा." अक्का, एकोणीस वह्या. मी स्वतःसुद्धा त्या परत वाचलेल्या नाहीत. मी विचारलं, मग बंगल्यात रांधणार कोण? म्हणाला, किल्ली तुमच्याकडे, तर नियमाने तुम्ही. आणि वही कोण लिहिणार? म्हणाला, मी शिकेन. माझी वही! ज्याचं बोट हळदीने पिवळं, तो माझ्या वहीत लिहिणार. मी म्हटलं, असं अंगणात ठरत नसतं, बैठकीत मांडावं लागतं, आणि ठराव मी मांडत नाही, मागच्या ठरावाने मला अद्दल घडली आहे. किल्ली परत दिली. लिंबू ठेवून घेतलं.

मग जाता जाता त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. छापखान्यातून आलेला पत्रिकेचा नमुना. म्हणाला, बायकांच्या रविवारी पुरुषाचं नाव कशाला हवं, मी ते काढायला सांगितलं, एकदा बघून घ्या बरोबर छापलंय का. मी चष्मा नाही म्हणून सांगितलं (डोक्यावरच होता) आणि तो गेल्यावर वाचलं. तीनदा वाचलं. नंतर म्हशीला वाचून दाखवलं, घरात दुसरं कोण आहे? येसुरत्नम असते तर पेटीतला कोट काढून घातला असता.

ता. क. तिसरं, आणि हेच सगळ्यांत आधी वाच. सोमवारचं पाकीट भावजींनी अजून फोडलं नसेल तर चुलीत घाल. फोडलं असेल आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं असेल, तर आज गुडघे दुखले तरी त्यांना घेऊन तू स्वतः कार्यालयात जा आणि परत घेऊन ये. साहेबांनी का म्हणून विचारलं, तर सह्या नीट बघा म्हणावं. एक्केचाळीस जणींचं वळण एकच आहे, आणि त्यातल्या अकरा जणींना लिहिता येत नाही, त्या अंगठा देतात. समाजाची सचिव म्हणून तसं लेखी द्यायला मी तयार आहे.

पत्रिका आत घातली आहे. वरून तिसरी ओळ, ठसठशीत अक्षरांतली; या वेळी मी 'व इतर' नाही. भावजींनाही दाखव, पण आधी त्यांनी अर्ज फाडला की मग.